आरपार आणि आत

उसाचा हंगाम भरात असताना कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या चौकात उभं राहून वाहनं मोजायचं काम आमच्याकडे आलं. शहराभोवतीच्या रिंगरोडची पश्चिमेकडची बाजू कशी जोडायची, याचा तो अभ्यास होता. पॉलिटेक्निकची पोरं हातात पॅड घेऊन चौकाच्या तोंडांवर उभी आणि त्यांच्यावर देखरेख माझी.

नुसती मोजणी सोपी असते. खरं काम असतं ते ‘कुठून आलात, कुठं चाललात’ हे विचारायचं. त्याला आम्ही ओ-डी सर्व्हे म्हणतो. ज्यांना थांबवता येत नाही, त्यांचे नंबर टिपायचे. एक टोळी रंकाळा स्टँडकडून येणाऱ्या गाड्यांच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहिते, दुसरी सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या चौकाजवळ. रात्री दोन्ही याद्या जुळवल्या की कळतं, कोणती गाडी पेठेत थांबली आणि कोणती न थांबता पलीकडे निघून गेली. थांबणारी ती ‘अंतर्गत’, न थांबणारी ती ‘आरपार’. रिंगरोड हवा की नको, हे सगळं या दोन रकान्यांवर ठरतं.

गंगावेस हे ठिकाण या कामासाठी महत्त्वाचं आहे, कारण इथे खरोखरच वेस होती. जुन्या कोल्हापूरला तट होता, बाहेरून खंदक होता आणि आत यायला सहा वेशी: गंगा, रंकाळा, वरुणतीर्थ, आदितवार, मंगळवार, शनिवार. तटाचा शिल्लक तुकडा आज बिंदू चौकातल्या तुरुंगापाशी दिसतो. युरोपातल्या शहरांनी तट पाडले तिथे गोल रस्ते केले. व्हिएन्नाचा तट पाडायचा हुकूम 1857 मध्ये निघाला आणि त्या जागेवर रिंगस्ट्रास उभा राहिला, हे आम्ही अभ्यासात शिकलो होतो. आपल्याकडे तट गेला, खंदक बुजला, पण त्या जागी सलग फिरणारा रस्ता काही झाला नाही. वेशीतून आत येणारा रस्ता तेवढा राहिला, आणि तोच अजून सगळ्या पश्चिमेचं ओझं वाहतोय.

सकाळी सातला सुरुवात केली तेव्हा दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. धार काढून तिथेच ग्लास भरून देतात, लोक उभ्याउभ्या पितात, तोंड पुसतात आणि कामाला जातात. म्हशींच्या शेपटीला लागून गाड्या चालल्या होत्या. पहिला मोठा गिऱ्हाईक आमचा गगनबावड्याकडून आलेला टेम्पो.

“कुठं चाललाय, दादा?”

“हायवेला. तावडे हॉटेलला जाऊन पुण्याकडं.”

“पेठेत काही काम?”

“न्हाई ओ ताई. दुसरीकडनं वाट असती तर हितं कशाला घुसलो असतो?”

दिवसभर थोड्याफार फरकाने हेच उत्तर येत राहिलं. कोकणातून आलेला, गोव्याहून परतणारा, बांधकामाची वाळू घेऊन निघालेला. पुण्याच्या एका कुटुंबाला तर फोनवरच्या नकाशानेच आत आणलं होतं. अंबाबाईचं दर्शन आदल्या दिवशीच झालं होतं त्यांचं, आता त्यांना फक्त बाहेर पडायचं होतं.

फुलेवाडीचा रिंगरोड आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे, पण तो दक्षिणेला वळतो, कळंब्याच्या अंगाने. पश्चिमेकडून निघून उत्तरेला, कसबा बावड्याच्या बाजूला जायचं तर तो उलटा पडतो. मध्ये पंचगंगा आहे, तिची पूररेषा आहे. 2005, 2019 आणि 2021 ला या भागात पाणी कुठवर चढलं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे पावसाळ्यात लहान पोरंही सांगतात. अशा जागी मातीचा भराव टाकून रस्ता केला तर तो बांधासारखा पाणी अडवेल आणि ते पाणी कुणाच्या तरी घरात शिरेल. म्हणून रस्ता खांबांवरच घ्यायला हवा. तो महाग पडतो. मला विचाराल तर तो खर्च करायलाच हवा.

वारसा आणि रस्ता यांचं भांडणही आपल्याला नवं नाही. शिवाजी पुलाशेजारच्या पर्यायी पुलाचं काम अडलं होतं, कारण शेजारची ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित स्मारक. तिथल्या उत्खननात सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती निघाली, ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. टेकडी जपायलाच हवी होती. पण जानेवारी 2018 मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि 13 जीव गेले, हेही विसरता येत नाही. पर्यायी पूल त्यानंतर पुरा झाला.

दुपारी कोपऱ्यावरचे एक किराणा दुकानदार काका चहा घेऊन आले. त्यांना शंका होती.

“मॅडम, गाड्या भाईरनं काढल्या तर आमच्या दुकानात कोण येणार?”

मी त्यांना पॅड दाखवलं. म्हटलं, “काका, आज सकाळपासनं यातली कुठली गाडी तुमच्या दारात थांबली?” त्यांनी बराच वेळ बोट फिरवत पानं वाचली. “ह्यातलं कोण न्हाई,” म्हणाले, “आमचं गिऱ्हाईक चालत येतंय, नायतर गाडीवरनं.” कोल्हापुरात गाडी म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाचा व्यापार तिकडे नेला, म्हणून जुनी पेठ काही ओस पडली नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पुरते पटले नव्हते.

ते संध्याकाळी पटले.

साडेसहाच्या सुमाराला ऊस भरलेला ट्रॅक्टर चौकात वळला. मागे दोन ट्रॉल्या, शेतापासून कारखान्यापर्यंतचा त्याचा हाच नेहमीचा रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार एक ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्यावर चार ते पाच मोटारींइतकी जागा खाते. हा तर दोन ट्रॉल्यांचा. वळणावर जोडाची पिन तुटली, मागची ट्रॉली सुटली आणि तिचा लोखंडी दांडा रस्त्यात रुतून बसला. मोळ्या घसरून खाली आल्या. चौकाची चारही तोंडं काही मिनिटांत भरली. ड्रायव्हर बीडकडचा, विशीतला पोरगा. उतरून नुसता डोक्याला हात लावून उभा राहिला.

तेवढ्यात रंकाळ्याच्या बाजूने सायरन ऐकू आला. गगनबावड्याच्या घाटाकडच्या एका गावातून कळा सुरू झालेली बाई घेऊन ॲम्ब्युलन्स सीपीआरला निघाली होती. दवाखाना तिथून एक किलोमीटरही नाही. बाईच्या आईने दार उघडून विचारलं, “चालत न्हेऊ काय पोरीला?” तिचा तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

वाहतूक पोलीस एकटाच होता. मी पोरांना पॅडं खाली ठेवायला सांगितली. तालमीत जोर मारायला आलेली मुलं तशीच, अंगाला माती लागलेली, धावत आली. दहा-बारा जणांनी मोळ्या हाताने ओढून कडेला टाकल्या, किराणावाल्या काकांनी आपल्या दुकानासमोरचे पोत्यांचे ढीग आत घेऊन जागा केली. ट्रॉलीचं ओझं कमी झाल्यावर पैलवानांनी दांडा उचलून धरला आणि बाकीच्यांनी चाकाला खांदा लावून ती कडेला सरकवली. दुचाकीवाल्यांना एकेक करून मागे ढकलावं लागलं, त्यातच जास्त वेळ गेला. ॲम्ब्युलन्स सुटली. दुसऱ्या दिवशी पोलिसाने चौकशी करून सांगितलं, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत.

गर्दी पांगल्यावर काका माझ्याजवळ आले. “मॅडम, ट्रॉलीला हितं काम न्हवतं. आणि जिला काम हुतं तीच अडकली.” मी महिनोन्महिने अहवालांत जे मांडायला धडपडत होते, ते त्यांनी एका दमात सांगितलं. रिंगरोड म्हटलं की लोकांना वाटतं, बाहेरच्यांना सुसाट जाता यावं म्हणून हा खटाटोप. पण ज्यांना आत यायचं आहे, दवाखान्यात, देवळात, गुजरीत, शाळेत, त्यांना वाट मोकळी व्हावी म्हणून तो हवाय.

रात्री याद्या जुळवताना सरांनी ॲम्ब्युलन्सच्या नोंदीवर पेन्सिलीने रेघ मारली. तातडीची वाहनं आम्ही या ओ-डीत धरत नव्हतो.

“सर, ही नोंद काढू नका,” मी म्हटलं. “ट्रॉली आपण आरपार म्हणून धरणार. तिनं जिला अडवलं ती अंतर्गत. दोन्ही एकाखाली एक दिसू देत.”

त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. पश्चिमेचा जोड खांबांवर घ्यावा आणि तो होईपर्यंत गर्दीच्या वेळी ऊसवाहतूक पेठेतून बंद ठेवावी, या शिफारशी आधीच लिहून झाल्या होत्या. त्यांनी रेघ खोडली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

“आकड्यात नको, शेऱ्यात घे. वेळ लिही फक्त.”

मी लिहिलं: गंगावेस, संध्याकाळी 6:40 ते 7:15.