आधी बघा, मग हला

आमचा नृत्याचा तास सुरू व्हायचा तो न नाचता. बाई आम्हाला मैदानाच्या कडेला बसवायच्या आणि प्रत्येकीला काहीतरी वाटून द्यायच्या. कुणाला एक फांदी, कुणाला मुंग्यांची रांग, कुणाला ढग. ते बघत बसायचं. नव्या मुलींना वाटायचं, बाईंना आज शिकवायचा कंटाळा आलेला दिसतोय.

स्नेहसंमेलनात हिरव्या क्रेप कागदाचे झगे घालून, दोन्ही हात वर करून डोलणारी ‘झाडं’ बाईंना अजिबात खपायची नाहीत. “खोड हललं का? मग कंबर कशाला हलवतेस?” या एका प्रश्नाने आमची निम्मी नृत्यं मोडीत निघाली. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, त्यामुळे वाऱ्याची नुसती झुळूकही त्याला पुरते. पान थरथरतं, फांदी ढिम्म. हे अंगातून दाखवायचं तर खांद्यापासून मनगटापर्यंत हात स्थिर हवा आणि मनगट पूर्ण सैल. करून बघा. मनगट सोडलं की कोपरही लगेच ढिलं पडतं.

त्याहून छळलं ते गळणाऱ्या वाळक्या पानाने. पान सरळ खाली येत नाही. रुंद अंगाला हवा अडते म्हणून ते एका बाजूला तिरकं घसरतं, घसरता घसरता पुढची कड वर उचलली जाते, क्षणभर ते थांबल्यासारखं होतं आणि मग उलट्या बाजूला निघतं. ती थांबायची जागाच आम्हाला सापडत नव्हती. आम्ही आपल्या डावीकडे-उजवीकडे झुलत होतो आणि बाई म्हणत होत्या, “हा झोपाळा झाला.” एकदा माझं सगळं वजन एका चवड्यावर गेलं, आता तोल जाणार असं वाटलं आणि आपोआप श्वास अडकला. बाई तिथूनच ओरडल्या, “हं, तेच!”

याच बाई भरतनाट्यमही शिकवायच्या. ‘अभिनयदर्पण’ या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातले 28 असंयुत हस्त, म्हणजे एका हाताने करायच्या मुद्रा, आम्ही घोकून पाठ केले होते: मुकुल, अलपद्म, मयूर, भ्रमर वगैरे. बाईंचं म्हणणं असं, की ज्याने हे हस्त पहिल्यांदा केले त्याने कळी आणि भुंगा पाहिला होता. तुम्ही फक्त पुस्तकातलं चित्र पाहताय. 1877 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या इसाडोरा डंकन या नर्तकीबद्दलही त्यांनीच सांगितलं. हालचालीची पहिली कल्पना आपल्याला समुद्राच्या लाटांच्या लयीतून सुचली, असं तिने लिहून ठेवलंय. ती अनवाणी नाचायची हे ऐकल्यावर आम्हाला फार बरं वाटलं, कारण आम्हीही तशाच नाचत होतो, आणि त्या मैदानात खडे भरपूर होते.

एकदा बाईंनी विज्ञानाच्या सरांना बोलावलं. त्यांनी मधमाश्यांचं नृत्य समजावलं. कार्ल फॉन फ्रिश यांनी ते उलगडलं; 1973 चं नोबेल त्यांना लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं. अंधाऱ्या पेटीत, उभ्या पोळ्यावर माशी थरथरत सरळ वर गेली तर अर्थ, फुलं सूर्याच्या दिशेला आहेत. ती उभ्या रेषेपासून जितकी कललेली, तितकीच फुलं सूर्यापासून बाजूला. अंतर जास्त तितकी थरथर लांबते. फुलोरी माशी, म्हणजे मधमाशीची एक लहान जात, मात्र पोळं उघड्यावर बांधते आणि त्याच्या वरच्या सपाट भागावर थेट दिशा दाखवत नाचते. सरांचं सांगून होतंय न होतंय तोच बाईंनी खडूचा डबा मैदानात कुठेतरी लपवला, एकीला जागा दाखवली आणि तिला बोलायची बंदी केली. शाळेची भिंत म्हणजे सूर्य. बाकीच्यांनी नाच वाचून डबा शोधायचा. एरवी नृत्यात सतत मागच्या रांगेत असलेली मुलगी त्या दिवशी सर्वांत नेमकी ठरली. भूमितीत ती हुशार होती.

तास संपताना वहीत दोन-तीन ओळी लिहायच्या: काय पाहिलं आणि ते अंगात कुठे जाणवलं. ‘सुंदर’ आणि ‘प्रसन्न’ हे शब्द वर्ज्य. मला विचाराल तर खरं शिक्षण इथे होतं. ‘निसर्गाशी एकरूप झाले’ असं लिहिलं की बाई विचारायच्या, “कुठल्या पायाने?” मग डोकं खाजवत खरं काय ते आठवावं लागायचं: टाच जड झाली होती, मान आखडली होती, मुंगी वळली तिथे मीही नकळत मान वळवली होती.

माझ्या माहितीत आमच्या वर्गातलं कुणीच पुढे नर्तक झालं नाही. माझी शेजारीण तर आजही ठामपणे सांगते, की बाईंनी आमचा वेळ फुकट घालवला, त्यात दोन चांगली लोकनृत्यं बसली असती आणि आंतरशालेय ढाल आपलीच होती. ढालीचं तिचं म्हणणं मलाही पटतं. यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. या स्मरणिकेसाठी तिच्याकडूनही लेख मागवलाय असं कळतं, तेव्हा दुसरी बाजू तुम्हाला तिथे वाचायला मिळेलच.