आप्पांचा लॅपटॉप: काळ्या स्क्रीनच्या मागावर

एप्रिल, दुसरा रविवार

आप्पा आमच्याच गल्लीतले. अमळनेरला एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशोब बघतात, आणि कापसाचा हंगाम सरला की वर्षाचा ताळेबंद घरी बसून लॅपटॉपवर करतात. 15.6 इंची, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, सात वर्षं जुना. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "त्याना मनमां वनं का काया पडी जास रे भाऊ." म्हणजे याच्या मनात आलं की काळा पडतो. एका दुकानात दाखवला तर न उघडताच 'पॅनेल गेलं, साडेपाच हजार' असं सांगितलं होतं म्हणे.

लॅपटॉप दिवसभर माझ्याकडे चालू होता. एकदाही काळा पडला नाही. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो, त्यातलाच प्रकार.

मग मी सगळे करतात तेच केलं. मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांमागे, हवा बाहेर जाते त्या जाळीला चिकटून, रुईची चक्क गादी झालेली. करंगळीच्या नखाएवढी जाड, राखाडी, बोटात धरून उचलली तर अखंड निघाली. जिनिंगच्या कार्यालयात ठेवलेल्या मशीनचं दुसरं काय होणार! साफ केलं, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलली आणि मनाशी ठरवून टाकलं की उन्हाचाच प्रताप आहे. बाहेर 43 अंश होतं, त्यामुळे पटायलाही सोपं गेलं. पण गरम झालेलं मशीन आधी मंद होतं आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर अख्खं बंद पडतं. गाणं चालू ठेवून नुसती स्क्रीन घालवण्याचं काम उष्णता सहसा करत नाही. आणि गाणं चालू राहतं हे आप्पांनी सांगितलं होतं. ऐकलं होतं मी, लक्ष दिलं नव्हतं.

एप्रिल, तिसरा रविवार

लॅपटॉप परत आला. या वेळी सॉफ्टवेअरच्या मागे लागलो आणि हा रविवार पूर्ण वाया गेला, तेव्हा थोडक्यात सांगतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळासकट काढून नवीन टाकला. पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद केलं. चित्र हलत नसेल तेव्हा पॅनेल स्वतःच्या मेमरीतलं चित्र दाखवत राहतं आणि मधली तार विसावा घेते, अशी ही बॅटरी वाचवायची सोय. काही मशीनवर ती लुकलुक किंवा काळी स्क्रीन करते, म्हणून तिच्यावर संशय घेणं चूक नव्हतं. रॅम काढून, खोडरबराने पाय पुसून परत बसवली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या रोजनिशीत, 4101 शोधला, म्हणजे ड्रायव्हर अडखळून सावरल्याची नोंद. एकही नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं.

संध्याकाळी सुचलं ते एवढंच: आप्पांना एक दोनशे पानी वही दिली. काळी पडली की वेळ लिहा, चार्जर लावलेला होता का, काय करत होता आणि परत कशी आली. आप्पा मुनीम माणूस. त्यांनी पट्टीने रकाने आखले आणि वर 'श्री' लिहिलं.

आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर)

वही हातात आली तेव्हा लाजच वाटली. मी तीन मशीन उघडून जेवढं लिहिलं नसेल तेवढं या माणसाने नऊ दिवसांत लिहिलं होतं. अक्षर रोजमेळीचं. एकूण 14 नोंदी. पहिलीच सकाळी सहाची, गच्चीवरची, गार वाऱ्यातली. उन्हाचा सिद्धांत तिथेच आडवा झाला. नऊ नोंदींत शेवटच्या रकान्यात 'झाकण हलवल्यावर आला'. उरलेल्या पाचांत 'बटण दाबल्यावर आला' किंवा 'आपोआप आला'. मी त्या नऊंवर झडप घातली आणि पाच त्यातच ढकलून दिल्या. हे लक्षात असू द्या, पुढे नडलं.

झाकण हलवल्यावर येतो म्हटल्यावर पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला. बिजागरीशी धरून झाकण सावकाश उघडत गेलो. 95 अंशांपर्यंत ठीक. 105च्या आसपास पट्कन काळोख. 120ला परत उजेड. तीनदा केलं, तीनही वेळा तेच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांदेखत गेली!

ती गेलेली असतानाच तपासून घ्यायचं असतं. कॅप्स लॉक दाबला, दिवा लागला-विझला, म्हणजे मशीन जागं आहे. एचडीएमआयने टीव्ही जोडला, तिथे चित्र स्वच्छ, म्हणजे ग्राफिक्सकडे बोट दाखवायचं कारण उरलं नाही. मग खोलीतला दिवा मालवला आणि मोबाइलचा टॉर्च काचेला तिरका धरला. पुसटसे, पाण्याखाली ठेवल्यासारखे आयकॉन दिसले. चित्र पॅनेलपर्यंत पोचतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. पॅनेल मेलेलं नाही, बॅकलाइटला पुरवठा मिळत नाही. साडेपाच हजारांचा प्रश्न एका टॉर्चने मिटला. हा टॉर्च पहिल्याच रविवारी का काढला नाही, हे मला विचारू नका.

उघडताना बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी काढला. ही सूचना कितीदाही द्यावी लागली तरी चालेल. बोर्डाकडून पॅनेलकडे जाणाऱ्या ईडीपी केबलमधून नुसतं चित्र जात नाही, बॅकलाइटचा पुरवठाही त्याच तीस पिनांतून जातो. बॅटरी जोडलेली असताना केबल ओढली किंवा तिरकी घातली की शेजारच्या पिनेला टेकून बॅकलाइटचा फ्यूज उडतो, मग भिंग लावून बोर्डावर तांदळाच्या कणीएवढा फ्यूज शोधत बसा. आमचा शाबूत होता, मल्टिमीटरची पिपाणी वाजली.

बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, जुन्या एटीएम कार्डाने सोडवली. डाव्या बिजागरीचा एक स्क्रू निघून आतच कुठेतरी फिरत होता. त्यामुळे झाकण उघडताना बिजागरी किंचित वर उठायची आणि खालून जाणाऱ्या केबलला चिमटा बसायचा. भिंगाखाली पाहिलं. वरचं काळं कापडी वेष्टण चपटं झालेलं. ते बाजूला केल्यावर आत केसापेक्षा थोड्याच जाड तारांचा झुबका, आणि त्यातल्या दोघी-तिघींचं आवरण सोललेलं, तांबं उघडं. एक तर तुटूनही टोकाला टोक लावून उभी होती. 105 अंशांवर ती टोकं एकमेकांपासून सरकत असणार.

केबल

जळगावला कामानिमित्त गेलो तेव्हा गोलाणी मार्केटमध्ये तीन दुकानं पालथी घातली. याच मॉडेलची म्हणून जी हातात आली ती चाळीस पिनी, टचस्क्रीनवाल्याची. एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन्ही विकली जातात, म्हणून मॉडेलच्या भरवशावर केबल घेऊ नका. जुन्या केबलवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरचा भाग क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. शेवटी ऑनलाइन मागवली, 650 रुपये, सहाव्या दिवशी आली.

बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या. एक, केबल आधी होती त्याच वळणाने नेली आणि बिजागरीपाशी थोडी सैल सोडली. दोन, पॅनेलमागच्या कनेक्टरवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) पट्टी मारली. बिजागरीला सुईच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस, हरवलेला स्क्रू पंख्याजवळ सापडला तोच घट्ट केला. कोनमापक परत लावला. 0 ते 135, कुठेही काळोख नाही. आईने आप्पांच्या घरी मांडे पाठवले, त्यांच्याकडून भरीत आणि कळण्याची भाकरी आली. मी विजय साजरा केला.

मे, तिसरा आठवडा

तिसऱ्या दिवशी फोन. "भाऊ, परत काया पडना."

खरं सांगतो, आधी राग आला तो आप्पांचाच. मग वही मागवली. नवीन दोन नोंदी: सकाळी 11.20, 'वहीवरून आकडे भरताना, बटण दाबल्यावर आला'. दुपारी 4.05, 'वहीवरून आकडे भरताना, आपोआप आला'. मागची पानं उलटली. मी ढकलून दिलेल्या त्या पाच नोंदी! पाचही 'वहीवरून आकडे भरताना'. एकाही ठिकाणी झाकण हलवलेलं नाही. म्हणजे दुखणी पहिल्यापासून दोन होती. आप्पांनी दोघांना 'काळी' म्हटलं, मीही म्हटलं.

आप्पांच्या घरी जाऊन शेजारी बसलो. डावीकडे कापसाची वही, डाव्या हाताचं मनगट टचपॅडच्या डावीकडे टेकलेलं, बोट वहीच्या ओळीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर. दहा मिनिटांत गेली. या वेळी टॉर्चखाली काहीच दिसेना. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. आणि पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकत होता. मशीन झोपलं होतं!

बटण दाबून उठवलं, इव्हेंट व्ह्यूअर उघडला. केर्नल-पॉवर, 42, सिस्टिम झोपायला जात आहे, कारण: बटण किंवा झाकण. बटणाला कोणी हात लावला नव्हता आणि झाकण तर माझ्यासमोर सताड उघडं होतं.

झाकण बंद झालं हे लॅपटॉपला बऱ्याचदा हॉल सेन्सर सांगतो. तारेतून वाहणाऱ्या विजेजवळ चुंबक आणलं की तिच्या आडव्या दिशेने थोडा व्होल्टेज तयार होतो, हे एडविन हॉलने 1879 मध्ये दाखवलं. त्याच गुणावर चालणारी ज्वारीच्या दाण्याएवढी चकती तळहाताखालच्या पट्टीत असते आणि तिच्यासमोर झाकणात एक छोटं चुंबक. झाकण मिटलं, चुंबक जवळ आलं, झोप. चुंबक कुठलं आहे, हे काही ती विचारत नाही.

मी आप्पांच्या मनगटाकडे पाहिलं. तांब्याचं कडं, दोन्ही टोकांना चकचकीत काळे मणी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेलं, सांधेदुखीवरचं चुंबकाचं कडं.

काढायला लावलं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन पट्टीवरून बोटाबोटाने सरकवत नेलं. टचपॅडच्या डावीकडे, काठापासून साधारण दीड सेंटिमीटरवर खट्कन काळोख. पेन्सिलीने टिंब काढलं. मग कडं ठेवून पाहिलं, मणी त्या टिंबावर आला की झोप, उचलला की कधी आपोआप जाग, कधी बटण मागायचा.

आप्पांना पुरावा दाखवला. एवढा वेळ शांत बसले होते, मग म्हणाले, "मन्हा हात दुखस रे भाऊ, कडं काढाले नको सांगू." गुण येतो की नाही हा माझा प्रांत नाही. उजव्या हातात घाला म्हटलं, तर दुखतो डावाच.

मग पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीही करू नको' लावलं. अर्धंच जमलं. झोपणं थांबलं, पण चुंबक टिंबावर आलं की स्क्रीन तेवढी विझायचीच. झाकण बंद आहे असं समजल्यावर विंडोज आतली स्क्रीन बंद ठेवते, मशीन झोपो न झोपो. झाकणातलं चुंबक काढून उपयोग नव्हता, दोष बाहेरून येणाऱ्या चुंबकाचा. सेन्सरच काढायचा विचार आला होता, पण आप्पा दिवसातून दहा वेळा झाकण आपटून उठतात, त्यांना झोपणारं मशीन हवं.

शेवटी माझ्याकडचा पडीक यूएसबी कीबोर्ड दिला. लॅपटॉप वीतभर मागे, खाली लाकडी पाट. कडं आणि टिंब यांच्यात आता एक हाताचं अंतर. झाकणाचं सेटिंग पूर्ववत केलं.

जून

वही अजून चालू आहे. मी नको म्हटलं तरी आप्पा रोज तारीख घालतात आणि पुढे एकच शब्द लिहितात: निरंक. कालच्या पानावर तेवढा अपवाद होता. 'रात्री 8.40, काळा पडला. लाइट गेली होती, बॅटरी संपली. लॅपटॉपकडे बाकी नाही.'