‘हा तुमचा विषय नाही’ : सर्बियातल्या विद्यार्थ्यांचे अध्यक्षांना उत्तर

सत्ता एकाच माणसाच्या हाती एकवटली की रस्त्यावर उतरलेली माणसेही बहुधा त्याच माणसाकडे तोंड करून घोषणा देतात. सर्बियातल्या विद्यार्थ्यांनी २०२४ च्या हिवाळ्यात नेमके उलटे केले. अध्यक्ष अलेक्झांडर वुचिच त्यांना चर्चेला बोलावत राहिले आणि विद्यार्थी सांगत राहिले की आमच्या मागण्या सरकारी वकिलांकडे आणि संबंधित खात्यांकडे आहेत, राज्यघटनेनुसार त्या पुऱ्या करणे अध्यक्षांच्या अखत्यारीत येत नाही, तेव्हा तुमच्याशी बोलण्याचे काही कारण नाही. या आंदोलनाबद्दल जे जे वाचले, त्यात मला सर्वांत झोंबणारे वाटले ते हे उत्तर.

त्याची धार कळायची तर तिथली व्यवस्था थोडी पाहावी लागते. सर्बियाचा अध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, परंतु कागदावर त्याचे अधिकार बरेचसे आपल्या राष्ट्रपतींसारखे मर्यादित आहेत. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाने चालवायचा असतो. वुचिच २०१४ ते २०१७ पंतप्रधान होते आणि नंतर अध्यक्ष झाले, तेव्हा पंतप्रधानपद मागे राहिले, सत्ता मात्र त्यांच्याबरोबर गेली. (हेच गृहस्थ १९९८ ते २००० या काळात एकाधिकारशहा स्लोबोदान मिलोशेविच यांच्या राजवटीत माहितीमंत्री होते, हे तिथल्या मागच्या पिढीच्या पक्के लक्षात आहे.)

ठिणगी पडली ती नोव्ही साद या शहरात. १ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी तिथल्या रेल्वे स्थानकाच्या दर्शनी भागावरचे काँक्रीटचे छत खाली बसलेल्या-उभ्या माणसांवर कोसळले. त्या दिवशी १४ जण दगावले; जखमींपैकी आणखी दोघे पुढच्या काही महिन्यांत गेले. राजधानी बेलग्रेड ते हंगेरीतले बुडापेस्ट या रेल्वेमार्गाच्या प्रकल्पात चिनी कंपन्यांच्या समूहाकडून या स्थानकाचे नूतनीकरण नुकतेच झाले होते. या कामात छताला हातच लावला नव्हता, असे सांगण्यात आले. मग कागद दाखवा, असे लोक म्हणाले. बांधकाममंत्र्यांनी राजीनामा दिला, पण लोकांना हवे होते ते करार, देयके आणि तपासणीचे अहवाल.

त्यानंतर ठिकठिकाणी माणसे बरोबर ११.५२ ला चौकात उतरून, वाहतूक थांबवून, स्तब्ध उभी राहू लागली. प्रत्येक मृतासाठी एक मिनिट. बेलग्रेडमध्ये २२ नोव्हेंबरला नाट्यकला विद्याशाखेचे विद्यार्थी असेच उभे असताना त्यांना मारहाण झाली आणि तिथून प्रकरण सरकारच्या हाताबाहेर गेले. विद्यार्थ्यांनी विद्याशाखेत ठिय्या दिला आणि पाहता पाहता देशातली बहुतेक विद्यापीठे बंद पडली. रक्ताने माखलेल्या लाल पंज्याचा ठसा भिंतींवर आणि फलकांवर दिसू लागला.

या ठिय्यांमध्ये निर्णय होत ते विद्यार्थ्यांच्या खुल्या सभेत, जिला ते ‘प्लेनुम’ म्हणतात. प्रत्येकाला एक मत, नेता कोणी नाही, प्रवक्ते सतत बदलणारे. सभा तासन्‌तास चालत आणि क्षुल्लक मुद्द्यांवरही मतदान होई. बाहेरून पाहणाऱ्याला हा बालिशपणा वाटेल. मला तो मोठा शहाणपणा वाटतो. सरकारधार्जिणी वृत्तपत्रे एकेकाला हेरून परकीय हस्तक ठरवायला टपलेली असताना, ज्याला बदनाम करावे, विकत घ्यावे किंवा तुरुंगात टाकावे असा एकही ठळक चेहरा त्यांनी समोर येऊ दिला नाही. विरोधी पक्षांनाही त्यांनी हातभर दूरच ठेवले.

जानेवारीच्या अखेरीस पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास शेकडो विद्यार्थी बेलग्रेडहून पायी नोव्ही सादकडे निघाले. ऐंशी-एक किलोमीटरची वाट, कडाक्याची थंडी आणि गावोगावी रस्त्याच्या कडेला गरम जेवण घेऊन उभी असलेली माणसे. १ फेब्रुवारीला त्यांनी डॅन्यूबवरचे तीन पूल अडवले आणि नंतर त्यांना घरी परत आणायला बेलग्रेडहून टॅक्सीवाल्यांचा ताफा आपणहून गेला. टॅक्सीवाला हा कोणत्याही शहरात सहजासहजी भावुक होणारा प्राणी नव्हे, हे लक्षात घ्यावे. मुस्लिम बोस्नियाक वस्तीच्या नोव्ही पाझार शहरातले विद्यार्थीही सर्बियाचा ध्वज घेऊन या मोर्चांत चालले. नव्वदच्या दशकात सर्ब आणि बोस्नियाक एकमेकांविरुद्ध लढले त्या युद्धांची आठवण असलेल्यांसाठी हे दृश्य साधे नव्हते.

१५ मार्च २०२५ ला बेलग्रेडमध्ये जमलेला जमाव पोलिसांच्या मते एक लाख सात हजारांचा, तर गर्दी मोजणाऱ्या स्वतंत्र गटाच्या अंदाजाने पावणेतीन ते सव्वातीन लाखांचा होता. देशाची लोकसंख्या पासष्ट-सहासष्ट लाख. युरोपीय संघाने मात्र बरेच दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होती. जुलै २०२४ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर स्वतः बेलग्रेडला येऊन बॅटऱ्यांसाठी युरोपला हव्या असलेल्या तिथल्या लिथियमच्या समझोत्याला उपस्थित राहिले होते, एवढे आठवले तर या मौनाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. एप्रिलमध्ये सुमारे ऐंशी विद्यार्थी सायकली मारत, युरोपीय संसद जिथे भरते त्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गपर्यंत गाऱ्हाणे घेऊन गेले, ते त्याच मौनामुळे.

मे महिन्यात विद्यार्थ्यांनी मुदतपूर्व निवडणुकांची मागणी केली आणि त्यांची पद्धत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडचणीत आली. बिनचेहऱ्याच्या सभेला पूल अडवता येतो, परंतु मतपत्रिकेवर नाव लागते. आम्ही स्वतः उमेदवार होणार नाही, समाजातल्या विश्वासार्ह माणसांची यादी देऊ, असे त्यांनी जाहीर केले. उद्या ती माणसे निवडून आली तर ती प्लेनुमला बांधील राहणार की मतदारांना? अध्यक्षांना त्यांच्या अधिकाराची मर्यादा दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्यांना आता हाच प्रश्न स्वतःच्या सभेलाही विचारावा लागणार आहे.