मुंढ्याचं दुखणं

गेली कित्येक वर्षं ऑफिसात पोचल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं होतं. बाथरूममध्ये जायचं, पट्टा सैल करायचा, शर्ट पुन्हा नीट खोचायचा आणि मग जागेवर येऊन बसायचं. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभ्याने प्रवास, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पोटाशी धरलेली बॅग. दिवा स्टेशन मागे पडेपर्यंत उजवी बाजू पँटीतून वर आलेली असायची आणि ठाण्याला मागचा शेपटा पूर्ण बाहेर. मी म्हणायचो, पोट सुटलंय, त्याला शर्ट तरी काय करणार. बायकोचं निदानही तेच होतं, फक्त ती ते जरा जास्त वेळा सांगायची.

माझं काम विमा क्लेमचं. रोज समोर माणसं येतात, त्यामुळे टी-शर्टाची सोय नाही. दुकानात गेलं की सेल्समन छातीवर टेप टाकणार आणि म्हणणार, ‘सर, 42 घ्या, कम्फर्टेबल राहील.’ 42 मध्ये पोट मावायचं, पण खांद्याची शिवण दंडावर इंचभर उतरलेली असायची आणि कफ अंगठ्याच्या मुळाशी यायचा. थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखं दिसायचं. 40 घेतला तर खांदे जागेवर, पण खुर्चीत बसलो की पोटावरच्या दोन बटणांमध्ये खिडकी उघडून बनियन दिसायचा. स्लिम फिटबद्दल न बोललेलंच बरं. एकदा ऑनलाइन सेलमध्ये पाच मागवले आणि चार परत केले. पाचवा आवडला म्हणून नाही, परत करायची तारीख उलटून गेली म्हणून राहिला.

एका रविवारी चिडून कपाटातले सगळे शर्ट पलंगावर काढले आणि टेप घेऊन बसलो. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. 42 नंबरच्या शर्टाची कॉलर उघडून सपाट पसरली आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या टोकापर्यंत मोजलं. सेंटिमीटरच्या बाजूला बरोबर 42. मग 40 चा घेतला, तर 40. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे शर्ट होते, तिन्हींचा हिशेब एकच. ज्याला मी वीस वर्षं छातीचे इंच समजत होतो, तो आकडा गळ्याचा होता आणि तोही सेंटिमीटरमधला. 42 म्हणजे साडेसोळा इंची गळा, 40 म्हणजे पावणेसोळाच्या आसपास. गंमत अशी की छातीचे इंचही साधारण त्याच आकड्याच्या जवळपास येतात, त्यामुळे शंका यायचं कारणच नसतं.

म्हणजे मी पोटासाठी मोठा शर्ट घेत होतो आणि कंपनी मला मोठा गळा देत होती. गळ्याबरोबर खांदा, बाही, मुंढा (म्हणजे बगलेपाशी बाही जोडतात तो घेर) सगळंच एकेक पायरी वाढत होतं. माझा गळा 40 चा, खांदे 40 चे, छाती 40 इंच आणि पोट 41. एवढ्या एका इंचापायी बाकीच्या शरीराला शिक्षा.

मग अल्ट्रेशन. स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात दोन शर्ट घेऊन गेलो. 42 च्या बाजू आत घेऊन मिळाल्या, बाह्या कफ उसवून आखूड झाल्या. खांद्याचं विचारलं तर तो हसला. ‘बाही काढायची, कॉलर उसवायची, परत सगळं जोडायचं. नव्या शर्टाची शिलाई होईल काका.’ 40 चा पोटावर सैल करून दे म्हटलं, तर त्याने बाजूची शिवण उलटी करून माझ्या डोळ्यांसमोर धरली. ‘बघा, माया कुठंय?’ शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. लहानपणी आईच्या तोंडी हजारदा ऐकलेला शब्द, दरवर्षी गणवेश वाढवताना लागायचा. रेडीमेड शर्टात दुमडून घातलेली दुहेरी टीप होती, आत सोडवण्यासारखं कापड सूतभरही नव्हतं.

बाजू आत घेतलेला 42 आरशात छान दिसत होता. लोकलमध्ये मात्र तो पूर्वीपेक्षा लवकर बाहेर आला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

रेडीमेड बंद, आता शिवायचे, असं ठरवलं. कापडाला तोटा नव्हता. लग्नांच्या आहेरात आलेले शर्टपीस कपाटात थप्पी लावून पडले होते, 58 इंची पन्ह्याचे, 1.60 मीटरचे. त्यातल्या त्यात बरे तीन काढले आणि दिवाळीच्या तोंडावर एका टेलरकडे टाकले. मापाला म्हणून माझा सगळ्यात बरा शर्ट दिला. चूक माझीच. त्याने तो शर्ट हुबेहूब शिवून दिला, उतरलेल्या खांद्यासकट. तीनपैकी एक पीस शुद्ध कॉटनचा होता. दुसऱ्या धुण्यानंतर त्याची 25 इंचांची बाही पाऊण इंचाने आखडली आणि गळ्याचं बटण लागेना.

आप्पा म्हणजे माझे वडील पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘कापड पाण्यातून काढलं होतंस का?’

आप्पा गिरणीत विणाई खात्यात होते, 18 जानेवारी 1982 ला संप झाला तोवर. नंतरची पंचवीस वर्षं त्यांनी एका गोदामात हिशेब लिहिले, पण आजही कुणाच्या घरी गेले की आधी पडद्याचं कापड दोन बोटांत धरून बघतात. त्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन मंगलदास मार्केटला गेलो. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत आणि तिथून आत, त्यांच्या चालीने अर्धा तास.

तिथे गल्ल्यांमध्ये दोन्ही हातांना ठाणांच्या भिंती. दुकानदार एकामागून एक ठाण गादीवर उलगडत होता आणि आप्पा काही न बोलता मान हलवत होते. एका चकचकीत पांढऱ्या कापडाचा कोपरा त्यांनी दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून धुणं चोळावं तसा चोळला आणि माझ्या काळ्या पँटीवर झटकला. पिठासारखी पांढरी पूड पडली. ‘खळ आहे नुसती,’ ते म्हणाले. ‘धुतलं की मच्छरदाणी होईल.’ दुकानदार हसला, पण ते ठाण त्याने बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरून दुसरं काढलं. ते आप्पांनी ट्यूबलाइटसमोर धरलं, मुठीत आवळून पाच अंक मोजले, उघडलं, सुरकुत्या बघितल्या. ‘हे घे.’ साधं पॉपलिन, एक फिकट निळं, एक पांढऱ्यावर बारीक करड्या रेघेचं. ऑक्सफर्ड मला आवडलं होतं, पण ते जाड, मुंबईच्या घामाला नको म्हणाले. दुकानदाराने 58 पन्ह्यात 1.60 पुरेल म्हटलं, आप्पांनी 1.75 कापायला लावलं. घरी रात्रभर बादलीत भिजवलं, सावलीत वाळवलं, इस्त्री करून मोजलं तर 1.70. पाच सेंटिमीटर बादलीत गेले. आहेराच्या पीसमध्ये हेच पाच सेंटिमीटर माझ्या अंगावर गेले होते.

आता शिवणारा. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला, डोंबिवली पूर्वेलाच एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. दोन मशीन, एक कटिंगचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर लटकवलेले खाकी कागदाचे फर्मे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मापाने कापलेले नमुने. मास्टर सत्तरीच्या आसपास, फक्त शर्ट शिवतात. पँटीचं विचारलं तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात.

मी सवयीने मापाचा शर्ट पुढे केला. ‘तो घरी ठेवा,’ ते म्हणाले. बनियनवर उभं केलं आणि टेप न लावता मागे जाऊन मिनिटभर नुसते बघत राहिले. पाठीमागे कुणी गप्प उभं राहिलं की किती अवघडायला होतं ते तेव्हा कळलं.

‘बॅग कुठल्या खांद्यावर असते?’

‘उजव्या.’

‘हं. उजवा अर्धा इंच खाली आहे.’

मग टेप. ‘पोट सोडा साहेब. आत ओढून दिवसभर बसणार आहात का?’ मी सोडलं, आणि 41 चं साडेएक्केचाळीस झालं. डाव्या मनगटाला घड्याळावरून माप घेऊन तो कफ पाव इंच जास्त लिहायला सांगितला. बाहीसाठी कोपर थोडं वाकवायला लावलं. शिलाई साडेसहाशे, ट्रायल आठ दिवसांनी. ती अकरा दिवसांनी झाली, पण ते मी धरूनच चाललो होतो.

ट्रायलला शर्ट कच्च्या टाक्यांचा, कॉलर नाही, एकच बाही जोडलेली. ‘हात वर करा,’ म्हणाले. मी केला, जसा रोज करतो तसा, मूठ आवळून.

‘लोकलला जाता काय?’

मी आजवरचं सगळं रडगाणं सांगितलं. त्यांनी खुर्चीवर काढून ठेवलेला माझा 42 चा शर्ट मला पुन्हा चढवायला लावला, बगलेखालची शिवण चिमटीत धरली आणि वर ओढली. कमरेपासूनची अख्खी बाजू सरळ वर आली. ‘हे बघा. बगल इथे, आणि बाही जोडलीय इतकी खाली. हात उचलला की बाही बाजूला घेऊनच वर जाणार. लोक सांगतात, मास्टर, मुंढा मोठा ठेवा, हात मोकळा फिरेल. उलटं आहे. मुंढा बगलेला लागून असला तर हात जातो वर आणि शर्ट राहतो खाली.’

अल्ट्रेशनवाल्याने बाजू आत घेतल्यावर शर्ट जास्त का पळायला लागला, तेही आता कळलं. मुंढा तिथेच खाली होता आणि वर ओढायला सैल कापडही उरलं नव्हतं. पोटाला मी उगाच इतकी वर्षं बोल लावला.

कच्च्या शर्टाचा मुंढा त्यांनी पाऊण इंच वर टाचला. खांद्यावरचा पाठीचा तुकडा मधोमध जोड देऊन दोन भागांत कापला होता, म्हणजे उजव्या खांद्याचा उतार वेगळा, डाव्याचा वेगळा. मागे मानेखाली माझ्या प्रत्येक शर्टाला एक तिरकी घडी पडायची, ती त्यानेच गेली. शेवटी म्हणाले, ‘आता बसा.’ स्टुलावर बसलो. पोटाशी कापड कुठे फाकतंय ते बघून नेमक्या त्या जागी त्यांनी खडूने फुली मारली. बटण तिथे येणार, बाकीची बटणं त्यावरून वर-खाली.

पहिला शर्ट अंगात घातला तेव्हा बगलेत टोचल्यासारखं वाटलं. दोन दिवस वाटेल, असं मास्टरांनी सांगितलं होतं, मला चार दिवस वाटलं. कॉलरमधलं बकरमही फार ताठ होतं, मान वळवताना पुठ्ठ्यासारखं लागायचं. दुसऱ्या शर्टाला मऊ टाकून घेतलं. पण त्या पहिल्या दिवशी ऑफिसात पोचलो, सवयीने बाथरूममध्ये गेलो, पट्ट्याला हात घातला आणि बघतो तर खोचायला काही नव्हतंच. मग तोंड धुऊन बाहेर आलो.

आता पाच शर्ट झालेत. अधूनमधून रेडीमेडही घेतो, कारण लग्नाला दोन दिवस उरले असताना मास्टरांच्या पाया पडण्यात अर्थ नसतो. फक्त ट्रायल रूममध्ये आरशासमोर कडी धरल्यासारखा हात वर करून बघतो. खांदा, गळा आणि मुंढा बसला तरच घेतो, बाजूचा घेर जास्त असला तर तेवढं अल्ट्रेशनवाला शंभर रुपयांत करतो. बाहेर थांबलेल्या सेल्समनने एकदा पडद्याच्या फटीतून मला तसं पाहिलं आणि विचारलं, ‘सर, काही अडकलंय का?’

माझाही फर्मा आता मास्टरांच्या खिळ्यावर आहे, कोपऱ्यात पेन्सिलीने आडनाव आणि तारीख लिहिलेला. पाचवा शर्ट आणायला गणपतीच्या आधी गेलो होतो. त्यांनी तो उलटा करून बाजूची शिवण मला दाखवली. आत चांगली इंचभर पट्टी दुमडलेली होती.

‘इतकी कशाला?’ मी विचारलं.

‘माया ठेवलीय,’ मास्टर म्हणाले. ‘आधी गणपती, मग दिवाळी. त्यानंतर या.’