मोटरहोमचा इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या सेन्सरची वायर: माझा अनुभव

ॲरिझोनाच्या ऐन उन्हाळ्यात आमच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज घरगुती एसी करणारा डबा) बंद पडला. जो तो सांगत होता, डबा बदला आणि मोकळे व्हा. मला मात्र आधी बॅटऱ्या बघायच्या होत्या. दाराच्या पायऱ्यांखालच्या कप्प्यात सहा-सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या आहेत, दोन-दोन जोडून १२ व्होल्ट करणाऱ्या; पाणी घालायच्या, साध्या लेड-ॲसिड. त्या बरेच दिवस जरा जास्तच पाणी पीत होत्या.

आमचा इन्व्हर्टर चार्जरचंही काम करतो. मोटरहोमच्या पार्कमध्ये विजेचा प्लग लावला की तोच बॅटऱ्या भरतो. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज लागतं, १२ व्होल्टला दर अंशामागे साधारण ०.०३ व्होल्ट कमी. २५ अंशांना १४.४ लागत असतील, तर ४० अंशांना १३.९५ पुरतात. हे चार्जरला कळावं म्हणूनच तापमानाचा सेन्सर असतो. तो तुटला की बरेच चार्जर २५ अंश धरून चालतात आणि तापलेल्या बॅटरीला जास्त व्होल्टेज देत राहतात. पाणी वायू होऊन उडतं ते असं.

मल्टिमीटर लावला तर सेन्सरचं सर्किट तुटलेलं! ॲसिडच्या वाफेनं वायरीतलं तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. इन्व्हर्टर नवा घेतलाच, आणि त्याचा नवा सेन्सर तपासून घेतला: २५ अंशांना रोध दहा हजार ओहमच्या आसपास, मुठीच्या उबेत धरला की आकडा उतरत सातेक हजारांवर. जुनाच सेन्सर नव्या इन्व्हर्टरला जोडायचा मोह धरू नये. दोघांचं गणित जुळेलच असं नाही.

हात घालण्याआधी प्लग काढला, जनरेटर बंद केला आणि सोलरचाही फ्यूज काढला. सोलर हमखास विसरलं जातं, आणि ऊन असेपर्यंत पॅनल वीज देतच राहतं. अंगठी, घड्याळ काढून ठेवलं. निगेटिव्ह आधी सोडवली, जोडताना ती शेवटी. २००० वॅटचा लोड १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधला तोटा धरून, १७० अँपिअरच्या वर जातो, त्यामुळे जाड केबलींचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) नव्याने क्रिम्प करून, म्हणजे दाबून घट्ट बसवून घेतले. शेवटची जोडणी आधी करंट रोखणाऱ्या रेझिस्टरमधून केली; त्यामुळे इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर हळूहळू भरतात, ठिणगी उडत नाही.

सगळ्यात वेळ खाल्ला तो सेन्सरच्या बारीक वायरीनं. जुनी वायर जाड केबलींना चिकटून गेली होती. नवी वेगळ्या पाइपातून न्यायची ठरवली. बायको पायऱ्यांपाशी दोरी धरून, मी खाली इन्व्हर्टरच्या कप्प्यात आडवा; ती ओढणार, मी सोडणार. सेन्सरची रिंग हवा कमी खेळते त्या आतल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवली. बॅटरीच्या पोस्टला (वरच्या खुंटीला) आधी केबलचा लग टेकला पाहिजे, त्यावर सेन्सर, मग नट. रिंग लगच्या खाली गेली तर सगळा करंट तिच्यातून जातो आणि जोड तापतो.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायला चुकू नका. लिथियमवाल्यांना ही व्होल्टेजची कमी-जास्त नकोच असते. त्यांना शून्याखाली चार्जिंग थांबलं की झालं.

चालू केल्यावर पडद्यावर बॅटरी ३९ अंश आणि चार्जिंग १३.९८ व्होल्ट दिसलं, हिशेबाप्रमाणे अगदी बरोबर. पुढे झाकणं उघडून पाहिली, तेव्हा डिस्टिल्ड वॉटर थोडंसंच घालावं लागलं.