सोमवारी त्याने शाळेवर हल्ला केला

समितीचं पत्र आलं ते मी दारात उभ्या उभ्याच वाचलं. अमृतमहोत्सव, स्मरणिका, मनोगत पाठवण्याची अंतिम तारीख. पत्रात ‘शाळेविषयी लिहावे’ असं म्हटलं आहे. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. पटांगण, पितळी घंटा, खो-खोची ढाल, सगळं येईल. मला सरांविषयी लिहायचंय. नाव घालत नाही. आपल्याकडे इंग्रजी शिकवणारे पुष्कळ होऊन गेले, पण नुसतं ‘सर’ म्हटल्यावर ‘कोणते?’ असं विचारणारा माजी विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

१९७४ साल. आठवी ब, जिन्याजवळचा वर्ग. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे आमचं ते चौथं वर्ष. चाचणीत पाच वाक्यं मराठीत करायला दिली होती. त्यातलं तिसरं, ‘ही टूक चार्ज ऑफ द स्कूल ऑन मंडे.’ चार्ज हा शब्द मला तोवर एकाच ठिकाणी भेटला होता, वर्तमानपत्रातल्या लाठीचार्जमध्ये. त्यामुळे मी ठणठणीत अक्षरात लिहिलं: ‘सोमवारी त्याने शाळेवर हल्ला केला.’

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्ग खदखदून हसला, बाकं वाजली. सर हसले नाहीत. म्हणाले, “हल्ला चूक नाही रे. घर चुकलं. तो हल्लेवाला चार्ज दुसऱ्या आळीत राहतो.” आणि मधल्या सुट्टीत मला बोलावून चाळीस पानी वही हातात ठेवली. वही त्यांनी स्वतःच्या पैशांनी आणली होती हे मला नंतर दुकानदाराकडून कळलं. काम असं: चार्ज हा शब्द आपल्या गावात कुठे कुठे राहतो ते बघून यायचं. डिक्शनरी उघडायची नाही. ज्याच्या तोंडी सापडेल त्यालाच विचारायचं, मराठीत याला तुम्ही काय म्हणता? मुदत आठ दिवस.

ज्या माणसाच्या सायकलच्या कॅरियरला ट्यूबच्या रबराने बांधलेली डिक्शनरी कायम असायची, त्याने मला डिक्शनरी उघडायची बंदी घातली, हे मला तेव्हा फार अन्यायाचं वाटलं.

सुरुवात पोस्टापासून केली, कारण ते वाटेवर होतं. नशीब असं की त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांची बदली झालेली. टेबलावर तिकिटांचे ताव, पोस्टल ऑर्डरी, तारखेचा शिक्का, लाखेचा तुकडा आणि दोरीत ओवलेल्या किल्ल्या मांडल्या होत्या. नवे मास्तर ओल्या स्पंजला बोट लावून ताव पुन्हा मोजत होते आणि जुने मास्तर खुर्चीत न बसता शेजारी उभे होते. ते उभं राहणं माझ्या लक्षात राहिलं. मी प्रश्न विचारला. “चार्ज म्हणजे चार्ज,” जुने म्हणाले, “मी देतोय, हे घेतायत. कागदावर कार्यभार लिहितात. पण मोजून सही झाल्याशिवाय कार्यही त्यांचं नाही आणि भारही त्यांचा नाही.” वहीत पहिली नोंद: १. पोस्ट: कार्यभार. (मोजून घेतात.)

दुसरा मुक्काम लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्नसराई जवळ आलेली, फळीवर सात-आठ बॅटऱ्या रांगेने चार्जिंगला लावलेल्या. प्रत्येकीची सहा बुचं काढून ठेवलेली आणि आत बारीक बुडबुडे येत होते, ताकाच्या कढाला येतात तसे. वास असा की घसा खवखवला. त्याने काचेची नळी आत बुडवून रबरी फुगा दाबला, ॲसिड वर चढवलं, तरंगता काटा बघितला आणि म्हणाला, “ही अजून भरली नाही.” मराठी शब्द विचारल्यावर तो बुचकळ्यात पडला. मग म्हणाला, “भरणं. नाहीतर मग चार्जिंग. मराठीच आहे की ते!”

वीज मंडळाच्या कचेरीत खिडकीतल्या बाबूंनी बिलावर बोट ठेवून दाखवलं: आकार. ‘स्थिर आकार’ वाचून मी विचारलं, स्थिर म्हणजे न हलणारा, पण आकार गोल की चौकोनी? त्यांनी मला खिडकीपासून हाकललं. (हा आकार आजही वीजबिलावर आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. आकारणीतला आकार तो, चित्रकलेचा नव्हे. एका शब्दाच्या पोटात दोन-तीन अर्थ ठेवायची खोड काही एकट्या इंग्रजीला नाही.) कोर्टाच्या आवारात एका वकिलांच्या कारकुनाने ‘दोषारोप’ सांगितलं आणि वर पान खायला पाच पैसे मागितले. विज्ञानाच्या बाईंनी ‘प्रभार’ दिला, धन आणि ऋण. फौजदार कचेरीच्या दारातल्या हवालदाराने ‘लाठीमार’ सांगितलं, आणि म्हणाला, पेपरवाले ‘सौम्य लाठीमार’ लिहितात. सौम्य कुणाला वाटतो ते त्याने सांगितलं नाही.

सातवी जागा चावडी. तलाठी भाऊसाहेब दप्तर मांडून बसले होते. इंग्रजी शब्द ऐकून हसले. म्हणाले, “आमच्याकडे चार्ज दोन. एक, माझी बदली झाली की मी देतो तो. दुसरा जमिनीवर बसतो, त्याला आम्ही बोजा म्हणतो. हे बघ.” आणि समोर उघडाच असलेला सातबारा माझ्याकडे फिरवला. इतर हक्काच्या रकान्यात तिरप्या अक्षरात सोसायटीचा बोजा, रुपये २,५००. मी वर गट नंबर वाचला, मग नाव वाचलं. आबांचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल करायला आबांनी कर्ज काढलं होतं हे घरात आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनी मुद्दाम दाखवलं नसणार. मी कुणाचा मुलगा हे त्यांना ठाऊकच नव्हतं, समोर होतं ते पान त्यांनी दाखवलं. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आलो. वहीत सातचा आकडा घातला आणि पुढे काही लिहिलं नाही.

सोमवारी वही दिली. सर वाचत गेले, पोस्टावर थांबले, बॅटरीवर थांबले. साताशी आल्यावर त्यांनी विचारलं, “चावडीत गेला नाहीस?” मी म्हटलं, नाही सर. खोटं बोलताना मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत असे, घरचे त्यावरून ओळखायचे. सरांनी माझ्या पायांकडे पाहिलं की नाही, सांगता येणार नाही. त्यांनी काही विचारलं नाही. वही ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. साताच्या पुढे त्यांच्या शिसपेन्सिलीच्या बारीक अक्षरात होतं: ‘बोजा. (हा उतरतो.)’

त्या काळात आमच्या तालुक्यात कोरा सातबारा शोधायला गेलं तर चपला झिजल्या असत्या. सरांना चावडीतलं कुणी काही सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला, त्यांनी फळ्यावर बैलगाडी काढली. चित्रकला बेताचीच, बैलांचे पाय सहा झाले होते. म्हणाले, लॅटिनमध्ये सामानाच्या गाडीला कारुस म्हणत. कारुसवर माल लादणं यावरून फ्रेंचमधून आला चार्ज. तुमची मोटारकारही त्याच घरातली आणि जहाजावरचा कार्गोही. मग एकेकाला गाडीवर चढवलं. बंदुकीत दारू भरली, चार्ज. बॅटरीत वीज भरली, चार्ज. माणसाच्या डोक्यावर काम ठेवलं, आरोप ठेवला, खर्च टाकला, जमिनीवर कर्ज चढवलं, सगळा चार्जच. “इंग्रजाने एकाच गाडीत सगळं कोंबलं. आपण गाड्या वेगळ्या केल्या, पण जू बघा.” आणि लिहीत गेले: कार्यभार, पदभार, प्रभार, अधिभार. सगळ्यांत भार. मागून कुणीतरी ओरडलं, “सर, आभार!” सर खडू हातात धरून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तोही.”

हल्ल्याचं काय, असं मी विचारलं, कारण माझं वाक्य मला डाचत होतं. तेव्हा ते बालाक्लाव्हाला गेले. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाचं युद्ध, चुकीच्या हुकमावर तोफांच्या तोंडी घोडे घालणारी इंग्रजांची हलकी पलटण. आणि तिथून थेट नेसरीच्या खिंडीत आले. २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर आणि सहा स्वार, समोर बहलोलखानाची फौज. “१८० वर्षं आधी आपल्याकडे झालेला चार्ज,” सर म्हणाले. “आता याला कार्यभार म्हणाल का? तुटून पडणं म्हणा.” घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. अशा वर्गाला इंग्रजीत चार्ज्ड म्हणतात हेही त्यांनीच पुढे कधीतरी सांगितलं, आणि मराठी दिलं ‘भारलेला’. “मांत्रिक लिंबू भारतो आणि लाऊडस्पीकरवाला बॅटरी भरतो, एका अनुस्वाराइतकाही फरक नाही, फक्त काना.” हे वाक्य मी आजवर किमान शंभर ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं आहे. इथे कबुली देतो.

पुढे मी न्यायालयात लिपिक म्हणून लागलो आणि नंतर भाषांतरकार झालो. १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवणारी अधिसूचना निघाली तेव्हा आमच्या टेबलावर कागदांचा डोंगर झाला. हाताखाली आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी चाळीस पानी वही देत असे. ती लोकं मला मागे काय म्हणत ते मला माहीत आहे.

एक प्रसंग सांगतो. आरोपीच्या पिंजऱ्यात एक म्हातारी, भावकीच्या मारामारीत नाव गोवलेली. कुणीतरी तिला सांगितलं, “आजी, आज चार्ज फ्रेम व्हायचाय.” तिने कनवटीची पिशवी सोडली आणि विचारलं, “किती पडतो?” लोक हसले. मला आठवीचा वर्ग आठवला. दोषारोप आरोपीला वाचून दाखवायचा आणि समजावून सांगायचा, असं कायदाच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून संहिता नवी आली तरी ही पायरी तशीच आहे. पण ‘दोषारोप’ हा शब्दही तिच्या कानाला परकाच होता. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, “आजी, पैसे नाहीत द्यायचे. तुमच्यावर काय आळ घेतलाय ते साहेब वाचणार. खरं की खोटं एवढं सांगायचं.” ती म्हणाली, “आळ व्हय! मग तसं म्हणा की.” आळ हा शब्द माझ्या वहीत नव्हता. घरी येऊन लिहिला. वहीतली ती एकोणिसावी नोंद.

आता मोबाईल भाषांतर करतो. मागे एका दवाखान्याच्या शिबिराच्या फलकावर ‘तपासणी आरोपमुक्त’ असं वाचलं. मोफत हा चार वर्षांच्या पोरालाही कळणारा शब्द सोडून माणसं तपासणीआधीच निर्दोष सुटली. यंत्राला मी दोष देत नाही. आठवीत मीही तेच केलं होतं. फरक एवढाच की त्याला मधल्या सुट्टीत बोलावणारं कुणी नाही. उलट टोकाचेही आहेत. मोबाईलच्या चार्जिंगला मराठी शब्द घडवून सक्तीने बोलायला लावणारे. ‘चार्जिंग संपलं’ हे माझी पंच्याऐंशी वर्षांची मावशी म्हणते. शब्द उंबरठा ओलांडून घरात आलाय, चहा पितोय, त्याला आता बाहेर काय काढायचं? लाऊडस्पीकरवाल्याने हे मला १९७४ सालीच सांगितलं होतं.

शाळेत मागच्या वर्षी येऊन गेलो. इमारत छान झाली आहे, देणगीदारांचे आभार. शनिवारचा शेवटचा तास मात्र वेळापत्रकात दिसला नाही. विचारलं तर तिथे आता सराव चाचणी असते म्हणाले. इंग्रजी पहिलीपासून आहे, सेमीचे दोन वर्ग आहेत, मुलं माझ्यापेक्षा सफाईने बोलतात. त्यातल्या एकाला विचारलं, चार्ज म्हणजे काय? तो म्हणाला, “कशाचा, काका?” मला एकदम बरं वाटलं. उत्तर बरोबर होतं.

सर निवृत्त झाले तेव्हा ग्रंथालय त्यांच्याकडे होतं. चार्ज यादीप्रमाणे पुस्तकं मोजताना एक कमी भरलं. ते त्यांनी कुणा विद्यार्थ्याला दिलेलं होतं आणि नाव सांगायला ते तयार नव्हते. किंमत भरून टाकली. तो विद्यार्थी मी नव्हे, हे इथे नमूद करतो, कारण आमच्या बॅचमध्ये तसा समज आहे.

आबांचा बोजा १९८६ साली उतरला. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा घेऊन आबा घरी येण्याआधी सरांकडे गेले. आबा त्यांना मास्तर म्हणत. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो. हे मला सरांच्या पत्नीने सांगितलं. दोघं ओट्यावर बसले. सरांनी चष्मा लावून इतर हक्काचा रकाना वाचला. रिकामा रकाना वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ वाचला. मग आत हाक मारली, “चहात साखर जरा जास्त टाक.” वहीचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. आबांना वही ठाऊक नव्हती, असं मी अजून धरून चालतो.

वही माझ्याकडे आहे. पुठ्ठा गेलाय, पानं पिवळी झालीत, साताच्या पुढची शिसपेन्सील उजेडात धरली तर वाचता येते. समितीला प्रदर्शनात मांडायची असेल तर आदल्या दिवशी घेऊन येतो. काचेच्या पेटीत ठेवा, हाताळायला देऊ नका. आणि घेताना पानं मोजून सही करा. संध्याकाळी परत न्यायची आहे.