अळवावरचं पाणी, पण अगदी जवळून

गणपतीला चिपळूणला घरी गेलो होतो, आणि पहिल्याच दिवशी आईच्या शिव्या खाल्ल्या. तिने अळूची पानं धुवायला दिली होती, मी दोनदा नळाखाली धरली आणि ताटात ठेवली, तर म्हणते "अरे धुतलीस कुठे, कोरडीच तर आहेत!" आता काय सांगणार, पानांवर पाणी टिकतच नाही ना. नळाची धार पडली की त्याच्या गोळ्या होतात आणि घरंगळून जातात, पान होतं तसं कोरडं.

मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्हाणीमागे अळवात जाऊन बसलो, मोबाइल घेऊन. (घरच्यांना वाटलं रेंज शोधतोय.) पहिली गंमत म्हणजे रात्री पाऊस नव्हता तरी प्रत्येक पानाच्या टोकाला एकच थेंब लटकलेला. मी इतकी वर्षं त्याला दव समजत होतो, पण दव असतं तर पानभर असायला हवं, फक्त टोकालाच कसं? तर ते पाणी झाडातूनच बाहेर येतं. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असतात, हवा दमट असल्याने बाष्प फारसं उडत नाही, पण ओल्या जमिनीतून मुळं पाणी ओढतच राहतात आणि त्या दाबाने ते टोकाकडून बाहेर पडतं. एक थेंब फुगतो, लांबट होतो, पडतो, आणि लगेच दुसरा फुगायला लागतो. मी पंधरा मिनिटं नुसतं तेच बघत होतो, चहा गार झाला.

मग तांब्याने पानावर पाणी शिंपडलं. बारीक थेंब एकदम गोल, पण तीन-चार मिलिमीटरच्या पुढे गेले की स्वतःच्या वजनाने बसके व्हायला लागतात. पृष्ठताण शाळेत पाठ केला होता मार्कांसाठी, तो इथे डोळ्यांसमोर. पाण्याचे कण एकमेकांना जितके घट्ट धरतात तितके पानाला धरत नाहीत, कारण पानावर मेणाचा थर आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो आणि खाली हवा अडकलेली राहते. थेंबाच्या बुडाला ती चांदीसारखी चकाकी दिसते ना, ती त्या हवेमुळेच. बार्थलॉट आणि नाइनहुइस या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये कमळाच्या पानावर याच गोष्टीचा पेपर लिहिला, थेंब घरंगळताना धूळपण घेऊन जातो म्हणून पान स्वच्छ राहतं. म्हणजे माझं धुणं तसं बरोबरच होतं, पण आईला जर्मन पेपर कोण सांगणार.

शेवटी बोटाला भांडी घासायचं लिक्विड लावून एका टपोऱ्या थेंबाला टेकवलं, आणि तो क्षणात फसकन पसरला, पान पहिल्यांदाच ओलं झालेलं बघितलं! हे मी निफाडकडच्या मामेभावाला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं तर तो हसायलाच लागला. कांद्याची पातपण अशीच मेणचट, औषध मारलं की थेंब खाली मातीत, म्हणून ते लोक फवारणीच्या पंपात स्टिकर टाकतात, साबणासारखंच काम करतं, थेंब पसरतो आणि पातीला चिकटतो. त्याच्यासाठी हे रोजचं, मीच आपला शोध लावल्यासारखा बोलत होतो.

आणि हो, एका पानावर मी अंगठा जोरात घासून बघितला होता, मेण निघतं का म्हणून. निघतं. तेवढ्या जागी पाणी चिकटून बसायला लागलं, अंगठ्याएवढा काळपट ओला डाग. चार दिवसांनी वडीसाठी पानं काढताना आईने नेमकं तेच उचललं, डाग बघितला आणि बाजूला टाकलं, म्हणे "याला काहीतरी रोग लागलाय." मी गप्प बसलो.